साका

आंबा मी तळहातावर तोलतो.
देठाचा खळगा, खांद्याचा उभार, सालीवरचा डाग.
देवगडात पेट्यांच्या शेडमध्ये बावीस वर्षं हेच.
साका मात्र हाताला लागत नाही.
वास घरभर, रंग सोन्यासारखा,
आणि सुरी घातली की आत पांढरट, भुसभुशीत.
शिवी मग बागायतदाराला नाही,
ज्याने निवडला त्याला.

म्हणून मोंडकर शेठ म्हणाले, तूच बघ.
बंदर चषकाचा लिलाव रविवारी,
संघाला हजार पॉइंट, खेळाडू बारा.
साईल कुबल घ्यायचा की सोडायचा?

अजून मोहोरही धरला नव्हता. हात रिकामे होते.
वही काढली.

पहिलं वर्ष: सात सामने, एकाहत्तर गुण.
एका चढाईत चौघे, आणि प्रेक्षकांत
पोलीस पाटील टोपी उडवताना दिसलेले.
दुसरं: तीन सामने. डावा गुडघा. कुडाळला कापला.
तिसरं: पाच. उपांत्य फेरीत बोनस घेताना
पाय निदान रेषेपलीकडे राहिला,
आणि उरलेला तो अलीकडे पडला.
आवाज मी ऐकला होता,
वाळलेली झावळी मोडावी तसा.
कोल्हापूरला कापला.
चौथं वर्ष: कोरं पान.

वहीत त्याच पानावर सुहास धुरी आहे.
उजवा कोपरा. एकही सामना चुकवलेला नाही.
दर सामन्याला तीन पकडी, कधी चार.
लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही आला होता, हळद घेऊन.
त्याच्यासाठी कुणी ओरडल्याचं आठवत नाही.
धुरी आधी घ्यायचा, हे मी शाईने लिहिलं.
कुबलचं पेन्सिलने.

गुरुवारी तारामुंबरीच्या जेटीवर गेलो,
बांगडा घ्यायला म्हणून.
तो होडीतून बर्फाच्या पेट्या उतरवत होता.
चढताना ठीक.
उतरताना आधी डावा पाय, मग शेजारी उजवा,
एकेका पायरीवर दोन्ही पाय, लहान मुलासारखं.
मी पायऱ्या मोजत होतो. अकरा.
शेवटच्या पायरीवरून त्याने मान वर केली.

"गुडघो बघूक इलास, की माका?"

मी बांगड्याचा भाव विचारला.
तो हसला. पेटी खाली ठेवली.
"चार सामने गावतले. पाचव्याचा माका विचारू नको,
देवाक विचार."

मग एक पोरगं पाठीमागून धावत आलं
आणि याने, न वळता,
कमरेतून असा काही हिसका दिला
की पोराचा हात हवेत राहिला
आणि हा दीड हात बाजूला, उभा,
पागेर टाकण्याआधी उभं राहावं तसा शांत.
बांगडे न घेताच मी घरी आलो.
वहीत काय लिहिणार?
हिसक्याला रकाना नाही.
रात्री पेन्सिलने लिहिलं: तीन सामने.
धरून चाललेलं बरं.

रविवारी शाळेच्या पटांगणात माइक खरखरला.
धुरी नव्वदला आला, टाळ्या दोन. एक माझी.
कुबलचं नाव पुकारलं तेव्हा
लोकांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही.
सगळे डोळे खाली.
पहिल्या रांगेत तो बसलेला,
डावा पाय सरळ पुढे, फूटपट्टीसारखा.

साठ. मिठबाववाले ऐंशी.
कुणकेश्वरचे शंभर म्हणाले, मग एकमेकांत कुजबुजले.
शंभर एक वार.
शेठ माझ्या कानाशी वाकले.
"किती सामने देईल?"

वहीत तीन होते.
जेटीवर चार.
"पाच," मी म्हटलं,
आणि वही मिटली.

शेठनी हात वर केला.
साईलने मागे वळून पाहिलं नाही.
फक्त तो लांब केलेला पाय
हळूहळू दुमडत खुर्चीखाली घेतला,
मध्ये एकदा थांबून.